दोन इंच वायर

संपादकांचा फोन आला, तुमच्या मशिनींबद्दल लिहा, साध्या माणसाला कळेल असं लिहा. मी लगेच हो म्हणालो. एवढ्या लगेच मी कशालाच हो म्हणत नाही. खरं सांगायचं तर मला मशिनींबद्दल लिहायचं नव्हतं. मानवतला एका दुकानात, लाकडावर नक्षी कोरणाऱ्या मशीनवर माणिक मिस्त्रींची दोन बोटं गेली. चूक त्यांचीच, असं सगळे म्हणाले, आणि पुढं सहा वर्षं तेही तसंच समजत राहिले. चूक माझी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मशिनींच्या गप्पांत मी रमतो आणि मुद्द्याचं बोलायचं राहून जातं. बरीच वर्षं तेच चाललं होतं.

परभणीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक खोली माझ्याकडं आहे. तिथं मी लहान सीएनसी मशिनी जुळवतो. एक मोठा पलंग डोळ्यासमोर आणा. पलंगावर आडवा पूल, पुलावर वेगानं फिरणारा कटर. पूल पुढंमागं सरकतो, कटर डावीउजवीकडं आणि वरखाली. पलंगावर दाराचा पल्ला आवळून बसवायचा, कॉम्प्युटरवर मोर काढायचा, आणि मशीन तो मोर सागवानात कोरते. ज्या मोराला मिस्त्रीचे चार दिवस जायचे तो दुपारच्या जेवणाआधी होतो. देव्हारे, पाट्या, पडद्यामागच्या जाळ्या, दारं. पाथरी, सेलू, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, कुठंही नवं घर बांधलेलं दिसलं तर त्याच्या दारावर माझ्या एखाद्या मशीनचा हात फिरलेला असण्याची शक्यता आहे.

खोलीत मी, मशीन आणि एक स्टूल. लग्न झालं नाही. का झालं नाही हा इथला विषय नाही. या धंद्यात फोन वाजतो तो काहीतरी बंद पडल्यावरच. मशीन छान चाललीय, सहज केला फोन, असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही. त्यामुळं फोन गप्प असला की समजायचं, जिल्हाभर आपलं काम नीट चाललंय. सणावारी तर तो अगदीच गप्प असतो. मी मग कुठलीतरी मोटार सोडवून परत जोडत बसतो.

या मशिनींना ज्या मोटारी असतात त्यांना स्टेपर मोटार म्हणतात. ती साध्या मोटारीसारखी गरगर फिरत नाही, पावलं टाकते. एक ठोका दिला की एक बारीक पाऊल, दोनशे पावलांचा एक फेरा. गावात लेझीम खेळताना हलगीवाल्याच्या ठोक्यावर पाय पडतात, तसं. आता समजा त्या हलगीवाल्याला मध्येच कुणी पत्ता विचारला, मध्येच खिशातला फोन वाजला. ठोका जरा चुकला की रांग अडखळणार. पूर्वी हे ठोके कॉम्प्युटरच द्यायचा, आणि कॉम्प्युटर हा असला हलगीवाला. त्याला एका वेळी छप्पन्न कामं. त्यात मोटार मुकी. पाऊल चुकलं तर ती मागं कळवत नाही, आपली पुढं चालत राहते. मोराची मान एका जागी आणि डोकं दुसऱ्या जागी. सगळं झाल्यावर कळायचं.

त्या काळात मी बंद पडलेल्या सायबर कॅफेंतले जुने कॉम्प्युटर शोधत फिरायचो. त्यांना मागं प्रिंटरचं लांब सॉकेट असायचं, ठोके त्यातूनच जायचे. नव्या लॅपटॉपला ते नाही. पाथरीच्या एका प्लायवूडवाल्याकडं असाच एक कॉम्प्युटर होता. धूळ बसू नये म्हणून त्यानं त्याला सत्काराची शाल पांघरली होती. एकदा त्याचा फोन आला.

"साहेब, गणपतीचा एकच कान झाला."

"मग दुसरा होऊ द्या."

"कसा होऊ द्यावा? कॉम्प्युटर आपल्या मनानं बंद झाला आन आपल्या मनानं चालू झाला. आता म्हणतोय, अपडेट करायलोय, थांबा."

"ते तो अधनंमधनं करतो."

"मग त्येला सांगा ना साहेब, दुकान वाढवल्यावर करत जा म्हणावं."

पुढं यूएसबीवर चालणारे मोशन कंट्रोलर मिळायला लागले. तळहाताएवढी डबी. सगळी गिऱ्हाइकं तिला डबीच म्हणतात, मीही म्हणतो. कॉम्प्युटर तिला पुढच्या थोड्या वेळाचं काम आधीच सांगून ठेवतो आणि ठोके ती स्वतः देते. तिला दुसरं कामच नाही. ना पत्ता सांगायचा, ना फोन घ्यायचा. पहिली डबी मी माझ्या खोलीत जोडली तो दिवस मला आठवतो. तीच मशीन, त्याच मोटारी. आधी वळणावर कुरकुरायच्या, पत्र्याच्या खोलीत आवाज घुमायचा. डबी लावल्यावर पूल असा सरकला की मी हात लावून बघितलं, खरंच चाललाय का. वेग हळू वाढवायचा, हळू उतरवायचा, हे आकडे मी प्रत्येक मशीनला वेगळे लावतो. भरलेल्या जीपचा चांगला ड्रायव्हर क्लच असा सोडतो की उभ्या माणसाला कळत नाही, तसं. यात माझा हात बरा आहे. जिल्ह्यात माझं नाव झालं ते एवढ्यासाठीच: ह्यांची मशीन मध्ये थांबत नाही.

हे नाव मला फार आवडायचं. पुढचं सगळं त्यातून झालं.

मानवतला बालाजी नावाच्या तरुणाचं दारं-खिडक्यांचं दुकान. मशीन त्यानं माझ्याकडून घेतली आणि ती चालवायला माणिक मिस्त्रींना बसवलं. मिस्त्री पिढीजात सुतार, पन्नाशीचे, पटाशी-हातोडीनं कोरणारे. मशीनवर त्यांचा राग नव्हता, फारसा विश्वासही नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "साहेब, ही थांबवायची कशी ते आधी सांगा. चालवायचं मग शिकू." इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारे तेच.

मी त्यांना लाल बटण दाखवलं. मोठं, छत्रीसारखं. दाबलं की आत अडकून राहतं, फिरवल्याशिवाय वर येत नाही. पडद्यावरच्या 'थांब'वर विसंबू नका, असंही सांगितलं. डबीला पुढचं थोडं काम आधीच ठाऊक असतं, ती तेवढं करून मोकळी होते. लाल बटणाची वायर मात्र कॉम्प्युटरला न विचारता सरळ डबीत जाते. त्या वायरीतून डबीला सतत थोडी वीज मिळत असते. ती मिळतेय तोवर डबी समजते, सगळं ठीक आहे. बटण दाबलं की वीज तुटते, आणि डबी पूल जागच्या जागी धरते. कटर मात्र आपल्या वेगानं अजून पाच-सात सेकंद घरघरत राहतो, त्याला घाबरायचं नाही. मिस्त्रींनी ते सगळं दोनदा म्हणून घेतलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग उन्हाळ्यात बालाजीचा फोन. मशीन काम चालू असताना मध्येच थांबते. कुणी हात लावत नाही, बटण दाबत नाही, आपोआप थांबते.

मला फोनवरच कळलं. कटरच्या मोटारीचा जो ड्राइव्ह असतो, म्हणजे तिचा वेग सांभाळणारी पेटी, तो विजेचा गोंगाट करतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण शेजारून जाणाऱ्या बारीक वायरीला तो लागतो. बटणाची वायर मी त्या ड्राइव्हच्या वायरीसोबतच एका पट्टीतून नेली होती. चांगली अर्थिंग असेल तर गोंगाट जमिनीत जातो. पण आपली काळी माती. पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंगला तिच्यासारखी माती नाही, आणि चैत्रात भेगा पडल्या की खड्ड्यातला गज मोकळा. रोज बादलीभर पाणी ओतायचं असतं, ते कोण ओततो. गोंगाटामुळं क्षणभर वीज तुटल्यासारखं होतं, डबीला वाटतं बटण दाबलं, आणि ती बिचारी नेमून दिलेलं काम करते, थांबते.

याला उपाय आहे. जाळी गुंडाळलेली वेगळी वायर आणायची, दुसऱ्या बाजूनं न्यायची. अर्ध्या तासाचं काम. ती वायर त्या दिवशी माझ्याकडं नव्हती.

"साहेब, तीन दारं द्यायचीत," बालाजी म्हणाला. "आखाजीच्या मुहूर्ताला वास्तुशांत हाय लोकांची. तुमची मशीन थांबत न्हाई म्हणून घेतली मी."

त्यानं ते टोमण्यानं म्हटलं नव्हतं. पण मला लागलं. मी डबीचं झाकण उघडलं आणि बटणाच्या दोन स्क्रूंमध्ये दोन इंच वायरीचा तुकडा आवळून टाकला. आता बटण असो नसो, दाबलेलं असो नसो, डबीला कायम सगळं ठीकच दिसणार. मशीन चालू केली. काय चालली ती. एक पूर्ण पल्ला न अडखळता झाला.

"जादू केली साहेब," बालाजी म्हणाला.

मिस्त्री माझ्याजवळ आले. "काय व्हतं?"

"वायर सैल झाली होती."

"मग बटन?"

"आहे की," मी म्हणालो.

बटण होतंच. जागेवर होतं, लाल होतं. चार दिवसांत योग्य वायर घेऊन येतो असं मनाशी ठरवून मी निघालो. हे ठरवणं मी मोठ्यानं कुणाजवळ बोललो नाही. बोललो असतो तर बालाजीनं आठवण तरी केली असती. वायर मी पुढच्याच आठवड्यात आणली. ती माझ्या पिशवीत दोन महिने होती. मानवतवरून दोनदा गेलो, एकदा तर दुकानासमोर जीप थांबली होती. मशीनचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, छान सुरळीत. चाललंय तर चालू दे, असं वाटलं.

जूनच्या शेवटी सकाळी बालाजीचा फोन आला. नेमकं काय घडलं ते मी पुढं जुळवत गेलो. पल्ला आवळणारा एक क्लॅम्प कामात सैल झाला. मिस्त्रींनी डाव्या हातानं बटण दाबलं आणि उजवा हात क्लॅम्पकडं नेला. पूल थांबला नाही. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची. बालाजी गल्ल्यावर होता, आवाज ऐकून धावला आणि त्यानं मेन स्विच पाडला. आता ते परभणीला दवाखान्यात होते. बालाजी एवढंच म्हणाला, "मशीनला काय झालं बगा. किल्ली शेजारी वेल्डिंगवाल्या अण्णाकडं ठेवलीय."

मी दवाखान्यात गेलो नाही. दवाखाना माझ्या खोलीपासून पायी जाण्यासारखा होता. मी मानवतला गेलो.

अण्णांनी किल्ली दिली आणि स्वतः आत आले नाहीत. रक्त खालच्या फळीवर होतं, कुणीतरी त्यावर भुसा टाकला होता. मशीनवरच्या दारावर काही नव्हतं. मी आधी बटण बघितलं. ते आत दबलेलं होतं.

इतरांच्या ते लक्षात आलं नसणार, मेन स्विच पडल्यावर बटणाकडं कोण बघतो. आणि बघितलं असतं तरी त्याचा अर्थ तिथं दोनच माणसांना कळला असता, एक मिस्त्री आणि एक मी.  मग मी बटण फिरवून वर काढलं. झाकण उघडून दोन इंचांचा तुकडा काढला आणि खिशात टाकला. पिशवीतली वायर काढली, दुसऱ्या बाजूनं नेली, जोडली. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. मशीन चालू करून बटण दाबलं. थांबली. पुन्हा. थांबली. सगळ्याला मिळून पाऊण तास लागला असेल.

बालाजीला फोन करून सांगितलं, मशीन ठीक आहे.

वीसेक दिवसांनी बालाजीनं मला बोलावलं. हात बांधलेला, अशा अवस्थेत मिस्त्री दुकानात आले होते आणि एकच म्हणत होते, मी बटण दाबलं होतं, ती थांबली नाही. बालाजीला त्याचा ताण आला होता. तो वाईट माणूस नाही. त्याला खरं काय ते हवं होतं, आणि खरं काय ते सांगायला त्यानं मला बोलावलं.

दुकानात आम्ही सहाजण होतो. बालाजी, मिस्त्री, मी, पॉलिशवाले रफीकभाई, वेल्डिंगचे अण्णा, आणि आपलं दार न्यायला टेम्पो घेऊन आलेला एक माणूस. मी मशीन रिकामी चालवली, पूल निम्म्यात आल्यावर बटण दाबलं. थांबली. मी काही बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही.

"परत एकदा," अण्णा म्हणाले. परत थांबली.

"मिस्त्री, तुमीच दाबा," बालाजी म्हणाला.

मिस्त्रींनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं. पूल जागच्या जागी थांबला. ते त्या पुलाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवत होतो.

"मंग नसंल दाबलं," ते म्हणाले.

दारवाला हसला. वाईट मनानं नाही, वातावरण हलकं करावं म्हणून हसतात तसा. "घाबरल्यावर मानसाला वाटतं वो मिस्त्री, दाबलं म्हनून. माज्या मेव्हन्यानं ब्रेक म्हनून ॲक्सिलेटर दाबलं व्हतं." रफीकभाई म्हणाले, "होतं असं." सगळं मिटलं.

मिस्त्री मानवत सोडून गेले. मी काम करत राहिलो. आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती वरच्या सगळ्यापेक्षा लिहायला जड आहे. मशीन लावून दिली की चालवणाऱ्याला मी शिकवतो. तेव्हा एकदा सहज माझ्या तोंडून ही हकीकत गेली: एका मिस्त्रीनं घाईत बटण न दाबताच हात घातला, दाबलंय असंच त्याला वाटत होतं, म्हणून आधी बटण बघा, मग हात घाला. ऐकणाऱ्यावर परिणाम चांगला झाला. मी ती पुन्हा सांगितली. चार-पाच ठिकाणी तरी सांगितली असेल. शेवटी शेवटी तर ती सांगताना मला काही वाटेनासं झालं होतं.

गेल्या वर्षी सोनपेठला एक जुनी मशीन डबीवर घेण्याचं काम होतं. मालक आपल्या कारागिराला समजावत होता. "हात घालताना बगत जा रे. मानवतच्या त्या मिस्त्रीसारखं करू नको. दाबलंच न्हवतं आन दाबलं दाबलं करायलता." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, तुमाला म्हाईत नसंल, लय जुनी गोष्ट हाय. इथंच पुढं सासुरवाडीला राहतोय म्हनं तो."

माझीच गोष्ट जिल्ह्यात फिरून मला परत भेटली होती, आणि सांगणारा मला म्हणत होता, तुम्हाला माहीत नसेल. मी काम संपवलं. परतीच्या एसटीला न बसता उलट्या दिशेच्या जीपमध्ये बसलो.

मिस्त्री लिंबाखाली विळ्याला मूठ बसवत होते. डाव्या हातात रंधा, मूठ दोन्ही पायांत धरलेली. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"साहेब? या, या. लय दिसानं. इकडं कुटं?"

"सोनपेठला आलो होतो."

"बसा. अगं, चहा ठेव. मानवतचे साहेब आलेत."

त्यांनी मशीन कशी आहे विचारलं. बालाजी कसा आहे विचारलं. चहा आला, मी तो घेतला. कप खाली ठेवल्यावर आणखी काही धरायला हातात राहिलं नाही.

"मिस्त्री, एक सांगायला आलोय. त्या दिवशी तुम्ही बटण दाबलं होतं."

ते हसले. "न्हाई वो साहेब. तुमीच तर दाखवलं की. मी बी दाबून बगितलं. थांबली."

"ती नंतर थांबायला लागली. मी दुरुस्त केल्यावर."

मग मी सगळं सांगितलं, झालं त्या क्रमानं. दोन इंच वायर सांगितली, पिशवीतली वायर सांगितली. ते मान खाली घालून रंधा मारत होते. बटणापाशी आल्यावर रंधा थांबला.

"आत व्हतं?"

"हो."

"दबलेलं?"

"हो."

"मंग वर कुनी काढलं?"

"मी."

त्यांनी रंधा बाजूला ठेवला. 

"परत म्हना."

मी वायरीपासून सुरुवात केली.

"ते न्हाई. बटनाचं म्हना."

"बटण आत दबलेलं होतं."

"इकडं ये गं," त्यांनी बायकोला हाक मारली. त्या ओले हात पुसत आल्या. "म्हना साहेब. हिला सांगा."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. वहिनी उभ्या उभ्याच ऐकत होत्या. मिस्त्री माझ्याकडं बघतच नव्हते, त्यांच्याकडं बघत होते.

"तू बी म्हनलीस," ते म्हणाले. "घाबरला असताल म्हनलीस."

"सगळेच म्हनायलते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "कुलूप लावून तीनदा माघारी जातेत हे. गॅस बंद केला का म्हनून मला उटवतेत. म्हनतेत, माज्या हाताचा भरोसा न्हाई. कामून केलं वो भाऊ असं?"

माझ्याकडं सहा वर्षांत तयार केलेली बरीच उत्तरं होती. अर्थिंग, आखाजी, तीन दारं.  "भ्यालो," एवढंच म्हणालो.

त्या आत निघून गेल्या.

मी मिस्त्रींना म्हणालो, मला काही करता येण्यासारखं असेल तर सांगा. काम, मशीन, जे असेल ते. त्यांनी हातानंच नको म्हटलं. उजव्या हातानं. मग डाव्या हाताची बोटं मोजली. "बालाजी. रफीकभाई. अण्णा. आन त्यो दारवाला, हसला त्यो. ह्या चौघाला सांगा."

"सांगतो."

"मला सांगून काय उपेग साहेब. मला म्हाईतच व्हतं की." त्यांनी रंधा परत उचलला. "तुमी विसरायला लावलं."

मी उठलो. ते उठले नाहीत, पुन्हा या म्हणाले नाहीत. जीप येईपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो, तिथवर रंध्याचा आवाज येत होता.

रफीकभाई आता परभणीतच पॉलिशचं काम करतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुझे उसी दिन लगा था. मिस्त्री खोटं बोलायचा मानूस न्हाई. पर आप इंजिनेर, हम पॉलिशवाले." मग म्हणाले, "हमने भी हां में हां मिलाया." अण्णांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं. काच डोळ्यांवर होती त्यामुळं चेहरा दिसला नाही. शेवटी म्हणाले, "किल्ली मीच दिली तुला." आजवर ते मला तुम्ही म्हणत आले होते.

बालाजी आधी म्हणाला, "आता कशाला साहेब, झालं गेलं." थोड्या वेळानं त्याला नीट उमगलं असावं. त्यानं मला दुकानाबाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तो मिस्त्रींकडं जाऊन आला असं रफीकभाईंकडून कळलं. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. मानवतची कामं आता दुसरा एकजण बघतो. फोन आणखी गप्प झाला आहे, आणि आता त्याचा अर्थ वेगळा आहे.

चौथा सापडत नाही. बालाजीकडं त्याचं नाव नाही. टेम्पो भाड्याचा होता. तो जिंतूरकडचा होता का पालमकडचा, यावर अण्णा आणि रफीकभाई यांचं एकमत नाही. त्याचा चेहरा मला आठवत नाही, कारण त्या दिवशी मी कुणाच्याच चेहऱ्याकडं बघत नव्हतो. पण त्याचं दार मला पाठ आहे. तेच दार त्या सकाळी मशीनवर होतं. बालाजीनं मेन स्विच पाडला तेव्हा कटर डाव्या पल्ल्याच्या खालच्या वेलीत होता. पुढं राहिलेलं काम मी पूर्ण करून दिलं, पण मशीनला दिलेल्या सूचनांतली एक ओळ सोडून पुढून सुरुवात केली. मागं जाऊन नेमकं तिथलं पानाचं देठ कोरायला माझं मन झालं नाही. रफीकभाईंनी पॉलिश केलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

कामाला जाताना मी आता खिडकीशी बसतो आणि गावागावांतली दारं बघतो. उतरून जवळून बघितलेलीही बरीच झाली. लोक विचारतात, कुणाचं घर पाहिजे? मी सांगतो, नाव माहीत नाही. एका ठिकाणी म्हाताऱ्या बाईनं पाणी दिलं आणि कुत्रं बांधून घेतलं, नीट बघा म्हणाली. ते दार दुसऱ्याच कुणाचं होतं.

हा अंक वाचनालयांत जातो, केस कापायच्या दुकानांत पडलेला असतो, म्हणून इथं लिहितो. तुमच्या घराला सागाचं दोन पल्ल्यांचं दार असेल, वर समोरासमोर दोन मोर, मध्ये कलश, खाली वेलपट्टी, आणि डाव्या पल्ल्यावर त्या वेलीतल्या एका पानाला देठ नसेल, तर तो माणूस तुम्ही. दारात काही खोट नाही, ते चांगलं आहे. त्या दिवशी दुकानात तुम्ही जे डोळ्यांनी बघितलंत ते मी तयार करून दाखवलं होतं. माणिक मिस्त्रींनी बटण दाबलं होतं. घरी जाऊन ही गोष्ट तुम्ही कुणाकुणाला सांगितली असेल, तर त्यांनाही तेवढं सांगा.